पालखीचा पुढला खांदा

मालन, माझी बायको, सव्वीस वर्षं अंगणवाडीत होती. हाताची घडी, तोंडावर बोट, हे मुलांना रोज सांगून ती कंटाळली होती. निवृत्त झाल्यावर आपल्या शेडमध्ये मुलांना मोकळं सोडायचं, काय खेळायचं ते त्यांनीच ठरवायचं, असं तिने पक्कं केलं होतं. निवृत्तीला चार महिने राहिले आणि ती गेली.

शेडमध्ये मी आंब्याच्या लाकडी पेट्या ठोकायचो. आता सगळे पुठ्ठ्याचे खोके घेतात. तिचे दिवस झाल्यावर मी शेड झाडली. फळ्या, बांबू, लहान करवती, मांडवीहून आणलेले होड्यांचे जुने दोर, पाण्याचं पिंप, सगळं मांडलं. मालनच्या वहीत एक नियम होता. मूल विचारील तेव्हाच मोठ्यांनी हात लावायचा. शाळा सुटली की वाडीतली नऊ मुलं यायला लागली.

शिमग्याच्या आधी मुलांनी खेळातली पालखी करायला घेतली. पुढाकार दहा वर्षांच्या तेजस्वीचा. तिने पेटीला दोर बांधून ती बांबूला टांगली. पेटी कलली की बांबूवर खूण करायची, दोर सरकवायचा, परत उचलून बघायचं. पाच दिवस हेच. मी लांबून बघत होतो.

सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. गाठी सैल दिसल्या, त्या मी आवळून मारल्या. मग आमच्या गावात मान आहे तसं मुलांना उभं केलं. पुढला खांदा गावकरांचा, म्हणून आत्माराम गावकराचा नातू शुभंकर पुढे. तेजस्वीला म्हटलं, तू ओवाळ. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. आमच्याकडे पालखी अशीच उचलतात.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी आली नाही. बाकीची आली, पण पालखीकडे कोणी फिरकलं नाही. शुभंकरला विचारलं, तर म्हणाला, “ती आता तुमची झाली.”

तीन दिवस असेच गेले. मालनला जे नको होतं तेच मी केलं होतं. तेजस्वी परत आली नाही तर शेड बंद करायची, असं ठरवून मी तिच्या घरी गेलो.

तिची आई दीपाली तांदूळ निवडत होती. नवरा मुंबईला, घर तीच बघते. मी झालं ते सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

“मालनकाकींनी तिला ओवाळायला लावलं असतं काय हो, काका?”

“नाही.”

“मग तिथे चालतं कोणाचं? त्यांचं की तुमचं?”

मी दाराकडे बघितलं. तेजस्वी दाराआड होती. तिला म्हटलं, माझं चुकलं, त्या गाठी सोडून टाक.

“तुमच्या गाठी मला सुटत नाहीत.”

“मग मी सोडतो. पुढचं तुम्ही बघा.”

दुसऱ्या दिवशी ती आली. सगळ्यांसमोर मी गाठी सोडल्या आणि बाहेर चिऱ्यावर जाऊन बसलो. आत पुढे कोण यावरून तासभर भांडण झालं. मी उठलो नाही. एकदाच हाक आली, न सरकणारी गाठ कशी मारायची ते विचारायला. शेवटी त्यांनी भिंतीला पाठ लावून खडूने उंच्या मापल्या. ज्या चौघांची उंची जुळली त्यांनी बांबू घेतला. पुढे तेजस्वी आणि शुभंकर.

तेवढ्यात आत्माराम आला, मला म्हणाला, “बाळा, हे काय चालवलंस? पुढला खांदा पोरीला?”

“मी ठरवत नाही. त्यांना विचार.”

तेजस्वी घाबरली असेल, पण बाजूला झाली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही घेऊन बघा.”

सवयीने आत्मारामने चपला काढल्या आणि बांबू खांद्यावर घेतला. पुढून पालखी वर गेली, पेटी मागे कलली, मागची दोघं वाकली.

“तुम्ही उंच पडता,” ती म्हणाली. “तुमच्याएवढी अजून तीन माणसं आणा, मग तुमचा नंबर.”

मुलं हसली. आत्माराम हसला नाही. बांबू खाली ठेवून तो भिंतीवरच्या खुणा बराच वेळ बघत राहिला, मग चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या धाकट्या नातीला, श्रद्धाला, घेऊन आला. तिला शेडच्या दारात उभं करून तेजस्वीला म्हणाला, “हिची उंची कोणाशी जुळते बघ.”