एका ओळीचं काम

दीपानं एंटर दाबलं आणि पडद्यावरचा सगळा मजकूर गायब झाला.

"गेलं?" मी विचारलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

नागापूरच्या एका पंप कारखान्याचं माहितीपुस्तक छापायचं होतं. मजकूर आला होता फ्लॉपीत, इंटरनेटच्या पानांच्या रूपात. ओळीओळीत टोकदार कंस, त्यांत कसल्या कसल्या खुणा आणि मधूनमधून कामाचं वाक्य. ते वेचून नव्यानं टाईप करणं माझं काम. आमच्या सावेडीच्या ऑफिसात माझ्या स्पीडला कुणी नव्हतं, आणि मी ते सगळ्यांना ऐकवायचेही. नवरा गेल्यावर भिंगारचं घर याच बोटांनी चालवलं होतं. आणि ही कालची पोरगी म्हणे, मशीनच वेचेल!

"मावशी, कंस उघडल्यापासून बंद होईपर्यंतचं काढ, असा साचा दिला होता मी. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. पण त्यानं पहिला कंस धरला आणि पार शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळलं."

"हावरट आहे गं तुझं मशीन."

"आवरते त्याला. पहिला बंद कंस दिसला की थांबायचं."

तिनं साच्यात जरासा बदल केला, पुन्हा एंटर दाबलं. कंस गेले, वाक्यं राहिली. सगळ्या पानांची! माझा चहासुद्धा निवला नव्हता. एक तरी चूक सापडावी म्हणून मी डोळ्यांत तेल घालून वाचलं. सापडली नाही. असा राग आला! आणि पोरीचं कौतुकही वाटलं.

मालक सूर्यभानशेठ मागंच उभे होते. "लई भारी! मनकर्णाबाई, आता तुमच्या टायपिंगचं... बघू."

"बघू काय? उद्यापासून येऊ नका, असंच ना?"

शेठ टेबलावर उरलेल्या फ्लॉप्या मोजायला लागले.

"मग हे मला शिकू द्या."

"ह्या वयात?"

"वय कशाला काढता? हात बघा माझे."

"बरं, शिका. जमलं तर ऱ्हावा."

दीपा खुर्चीवरून उठली. "बसा मावशी. मी सांगते."

पदर खोचून मी बसले. दुसरी फ्लॉपी घातली. ती एकेक खूण सांगत गेली, मी मारत गेले. एंटर दाबलं. स्वच्छ मजकूर भराभर उतरला.

"जमलं की वो!" शेठ म्हणाले. "उद्या टायमावर या."

"पुढं काय मारू?" मी दीपाला विचारलं.

"पुढं काही नाही, मावशी. एवढी एकच ओळ असते."

माझी बोटं अजून कळांवरच होती.