वरचा फळा, खालचा फळा

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, एकटा मी जन्मलो नाही. सुताराने एकाच लाकडातून आम्हां दोघा भावांना घडवले, काळा रंग दिला आणि विज्ञान महाविद्यालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीत एका उंच चौकटीत बसवले. दोरी एकच, दोन कप्प्यांवरून गेलेली. एक वर सरकला की दुसरा आपोआप खाली. आमच्यात मोठा कोण, हा वाद कधी झाला नाही. जो वर तो मोठा, आणि तेही पुढची ओळ लिहीपर्यंतच!

आमच्यावर पुष्कळांनी लिहिले. रसायनाचे सर खडू इतका दाबायचे की आमच्या अंगावर शहारे यायचे. पण आमचे दिवस खरे सुखाचे झाले ते बाई आल्यावर. बाई क्वांटम शिकवायच्या.

त्या सांगायच्या, "खड्ड्यात अडकलेला अगदी बारीक कण मनाला येईल त्या उंचीवर राहू शकत नाही. त्याला ठरलेल्या पायऱ्या असतात. कण लाटेसारखा वागतो, आणि पायरी खरी असेल तरच त्याची लाट खड्ड्याच्या भिंतींपाशी निजते. त्या पायऱ्या शोधणं हाच आपला उद्योग."

काही खड्डे सोपे, काही इतके वाकडे की गणित करताना घाम फुटे. तिथे बाई सुपरसिमेट्रीची युक्ती काढायच्या. तीन पंचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे क्रम बदलला तरी बिघडत नाही. पण आधी मोजे मग बूट, आणि आधी बूट मग मोजे, यात फरक पडतो की नाही? तसेच खड्ड्याच्या गणिताचे दोन तुकडे करायचे आणि उलट्या क्रमाने जोडायचे. मग एक निराळाच खड्डा मिळतो, पहिल्याचा जोडीदार. गंमत अशी, की दोघांच्या पायऱ्या अगदी सारख्या उंचीवर असतात. एकाकडे फक्त सगळ्यात खालची एक पायरी जास्त असते. म्हणजे अवघड खड्ड्याचा जोडीदार सोपा निघाला, की सोप्याच्या पायऱ्या मोजा आणि सुटा!

बाईंचा नेम होता, अवघड खड्डा वरच्या फळ्यावर आणि सोपा खालच्या, हाताशी असलेल्या. मला नि माझ्या भावाला वाटायचे, हे शास्त्र आमच्याकडे बघूनच कुणाला तरी सुचले असावे.

त्या वर्षी बाईंच्या हाताखाली एक मुलगी प्रबंध करत होती. प्रत्येक ओळीवर वाद घालायची, म्हणून बाई तिला 'वकीलसाहेब' म्हणत. तिने एक फार वाकडा खड्डा निवडला होता. तेव्हा मी वर होतो आणि भाऊ खाली. बाईंनी आम्हां दोघांवर दोन लांब ओळी मांडल्या. हुबेहूब सारख्या, फक्त शेवटी माझ्याकडे अधिक आणि भावाकडे वजा. नावे मात्र त्यांनी चौकटीवर लिहिली, वर 'अवघड' आणि खाली 'सोपा'. कोपऱ्यात 'पुसू नये' असेही लिहिले. त्याच संध्याकाळी बाई जिन्यावरून घसरल्या आणि पाय मोडून घरी पडल्या.

दुसऱ्या दिवशी सफाईच्या मावशी आल्या. शहाण्या बाई त्या, एक अक्षर पुसले नाही. आमच्या मागची भिंत तेवढी पुसावी म्हणून त्यांनी दोरी ओढली. मी खाली आलो, भाऊ वर गेला. चौकटीवरची नावे जिथल्या तिथे राहिली.

वकीलसाहेब कामाला लागल्या. खालचा तो सोपा, म्हणून माझ्यावरच्या ओळीतून सगळ्यात खालची पायरी शोधू लागल्या. मित्रांनो, ती जास्तीची पायरी भावाकडे होती, माझ्याकडे नव्हतीच! पण फळ्याला तोंड कुठे असते? आमच्यावर जे लिहाल तेच आमचे बोलणे. तिने फोन केला तर बाई म्हणाल्या, "खालच्या फळ्यावरचंच घेतलंस ना? मग बरोबर आहे. पुन्हा कर." तिने पुन्हा केले. एकेक ओळ तपासली. ओळीत चूक नव्हतीच.

प्रबंध मांडायचा दिवस तोंडावर आला. उत्तर नाही म्हणजे वर्ष फुकट, आणि घरी ठरले होते की यंदा नाही जमले तर शिक्षण पुरे. मामांचे चष्म्याचे दुकान वाट पाहत होते.

एका दुपारी तिने घरी फोन लावला. "आई, मामाला सांग, मी येते दुकानात... नाही गं, रडत नाहीये. खडूची धूळ आहे." मग तिने डस्टर उचलले. माझ्या अंगावर ते टेकले, तेवढ्यात दारात काठी वाजली.

"वकीलसाहेब, डस्टर खाली ठेवा."

मावशींच्या खांद्याला धरून बाई उभ्या होत्या.

"बाई! तुम्ही जिने चढून आलात?"

"छे, उडत आले. पाय मोडलाय, पंख शाबूत आहेत. काय बिघडतंय ते दाखव."

"ही लाट बघा ना. मध्ये शहाण्यासारखी वागते आणि भिंतीपाशी गेली की उधळते, थेट छताला भिडते."

"छताला?" बाईंनी चष्मा सारखा केला. "अगं, मग ज्या खड्ड्याला ही पायरीच नाही, तिथे तू पाय ठेवते आहेस. सोप्यातली घे."

"सोप्यातलीच घेतलीये! हा काय, खालचा!"

"मग खालच्यावर अधिक कुठून आलं? मी वजा लिहिलं होतं."

मावशी पदर चाचपू लागल्या. "मी एक टिंबसुद्धा पुसलं नाही हो बाई. दोरी ओढून मागची भिंत तेवढी पुसली."

बाईंनी दोरीकडे पाहिले, चौकटीवरच्या नावांकडे पाहिले. मग बाई इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावे लागले. "आणि मी मेली फोनवर 'खालचा, खालचा' करत बसले!"

"माझं काही चुकलं का?" मावशींनी हळूच विचारले.

"तुमचं नाही, मावशी," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "आरोपी चौकट आहे."

तिने दोरी ओढली. भाऊ खाली आला. त्याच्यावर लाट मांडली, तर ती दोन्ही भिंतींपाशी अलगद निजली. संध्याकाळपर्यंत त्याच्या पायऱ्यांवरून माझ्या सगळ्या पायऱ्या हाती आल्या. प्रबंध मान्य झाला. मामांनी हौसेने तिला एक चष्मा दिला, तेवढाच काय तो दुकानाचा संबंध.

पुढे पांढरे फळे आले, मग पडदे आले. आमची दोरी कुजली. एके दिवशी भाऊ खाली कोसळला आणि उभा चिरला. त्याला हमाल घेऊन गेले, ते परत आणलेच नाही. मी बोळात पडलो. माझ्यावर हरवल्या-सापडल्याच्या चिठ्ठ्या चिकटवत.

बरीच वर्षे गेली. केस पांढरे झालेली एक बाई त्या बोळातून चालली होती. थबकली. चिठ्ठ्या सोडवून तिने ओल्या फडक्याने माझे तोंड पुसले. आमच्या वकीलसाहेब आता विभागाच्या प्रमुख होऊन आल्या होत्या. त्यांनी मला पुन्हा त्या जुन्या चौकटीत बसवले, वरच्या जागी. खालची जागा मोकळी ठेवली.

नवी मुले विचारतात, "मॅडम, खाली रिकामं का?"

"तिथे याचा भाऊ आहे."

"दिसत तर नाही."

"याच्या पायऱ्या नीट मोज. त्याच्याही कळतील."

खरे आहे ते. त्याच्या सगळ्या पायऱ्या माझ्यापाशी आहेत. फक्त सगळ्यात खालची, निवांत टेकायची, ती तो घेऊन गेला.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू टाकताना जोडी फोडू नका. आणि उत्तर येत नाही म्हणून कधी डस्टर उचललेत, तर क्षणभर थांबा. ओळी बरोबर असतील. एकदा चौकटीकडे बघा, आणि दोरी ओढून पाहा.