यंदा नंबर काकूंचा

"बाबा, 'धीर' घ्या यंदा. कसा वाटतो शब्द?" लेकीने विचारलं.

"मला काय विचारतेस? यंदा नंबर तुझ्या आईचा आहे." दुधाचं पातेलं गॅसवर ठेवत टर्नरकाका म्हणाले.

वर्षाचा पहिला दिवस होता. समोरच्या खोलीत काकू उशांना टेकून बसल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. कळत सगळं होतं, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी गेल्याच आठवड्यात हात टेकले होते.

आता ही शब्दाची भानगड काय, तर ती मुळात काकूंचीच. काका जन्मभर कारखान्यात लेथवर टर्नर, म्हणून टर्नरकाका. लोखंड मापात कातणारा माणूस, पण स्वतःच्या बाबतीत सगळा बेमाप. दर वर्षी पहिल्या तारखेला सिगरेट सोडायचे आणि आठवडा संपायच्या आत शेजाऱ्याकडे मागून ओढायचे. शेवटी काकू वैतागल्या. "तुमचे संकल्प ठेवा गुंडाळून! वर्षाला एकच शब्द घ्यायचा आणि तेवढा तरी पाळायचा. एक वर्ष मी सांगेन, एक वर्ष तुम्ही."

त्यांनी पहिलाच शब्द दिला, 'हळू'. बापरे, काय वर्ष गेलं ते! काकांची सायकल हळू, जेवण हळू, भांडायचं झालं तरी हळू. "जरा मोठ्याने भांडा हो, मजाच नाही येत," असं काकूंनाच म्हणायची वेळ आली. पुढच्या वर्षी काकांनी 'पुरे' काढून सूड उगवला आणि दर रविवारी घरातलं सामान इकडचं तिकडे हलवायचं काकूंचं वेड बंद पाडलं. लेकीने आपलं लग्न आपणच ठरवलं, त्या वर्षीचा शब्द तर काकूंनी आधीच हेरून ठेवला होता, 'हो'. काका लालबुंद झाले, दोन दिवस जेवले नाहीत आणि मग "शब्द म्हणजे शब्द" असं पुटपुटत हो म्हणाले.

लेकीला ते आठवलं आणि तिने समोरच्या खोलीकडे पाहिलं. "बाबा, नाही हो सांगता येणार तिला. तुम्हीच घ्या ना तिच्या वतीने."

"नाही!" काकांचा आवाज चढला. "तिचा शब्द मी घेतला, म्हणजे ती आता बोलणार नाही हे मी मान्य केलं. कळतंय का तुला? इतकी वर्षं बोलून बोलून डोकं खाल्लं माझं, आणि आता ही अशी गप्प? मला नाही सहन होत गं."

बोलता बोलता ओट्याला टेकून ते रडायलाच लागले. लेक पाठीवरून हात फिरवत राहिली. दुधाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"अहो!"

दोघंही जागच्या जागी थिजली. दूध फसफसून उतू गेलं होतं. लेकीने झटकन गॅस बंद केला. आवाज घोगरा होता, पण सूर तोच. दूध गेलं, लक्ष कुठंय तुमचं, हा सगळा दम त्या दोन अक्षरांत भरलेला.

काका धावले. "काय म्हणालीस? परत म्हण."

काकूंच्या कपाळावर घाम आला. "अ... हो."

बस, दुसरं काही येईना. लेकीने 'दूध' म्हणायला सांगून बघितलं, 'पाणी' म्हणायला सांगून बघितलं. येऊन जाऊन 'अहो'. काकू आपल्याच हट्टी जिभेवर चिडल्या, मग त्यांना रडू आलं, आणि मग हसूही.

"ठरलं तर," काका म्हणाले. "यंदाचा शब्द 'अहो'."

"हा काय शब्द झाला, बाबा?" लेक डोळे पुसत हसली. "वर्षभर करायचं काय त्याचं?"

"करायचं काय म्हणजे? तिने हाक मारली की ओ द्यायची."

आणि दिली त्यांनी. भाजी चिरताना, अंघोळ करताना, जिना चढताना. पाणी हवं तर अहो, ऊन तोंडावर आलं तर अहो, आणि बरेचदा नुसतंच, माणूस घरात आहे ना एवढं बघायला. "ओ! आलो गं!" शेजारी चेष्टा करायचे, "काका, म्हातारपणी फारच गुणी झालात!" तेव्हा काका म्हणायचे, "काय करणार, शब्दात अडकलोय." काकूंच्या तोंडी दुसरा शब्द शेवटपर्यंत आला नाही. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी हाकही थांबली.

पुढच्या वर्षी नंबर काकांचा होता. पहिल्या तारखेला लेकीचा फोन आला, पण शब्दाचं ना तिने काढलं, ना काकांनी. ते पिशवी घेऊन पाव आणायला बाहेर पडले. दुकानापाशी रांग होती. रस्त्याच्या पलीकडून एका बाईने हाक मारली, "अहो!"

"ओ!" काका मोठ्याने म्हणाले. "आलो गं!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्या बाईचा नवरा काकांच्या पुढेच उभा होता. तो तर चमकून त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिला. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्हाला बोलावतायत," ते त्याला म्हणाले. "जा लवकर. तुमची जागा मी धरतो."