सादझानंतरची गोळी

शुवाईला फार विचार करण्याचं दुखणं लागलं होतं. आमच्या मास्विंगोकडे या आजाराला एवढंच नाव. नवरा जोहान्सबर्गला गेला तो गेलाच, मागोमाग पोटातलं मूल गेलं, आणि पोरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दवाखान्यातून तीन वेळच्या गोळ्या मिळाल्या, पण दुपारची हमखास राहायची, कारण तेव्हा तिची आई सेकेसाई शेतात.

शेवटी दवाखान्यातल्या सिस्टर मुचानेताने सेकेसाईसाठी सगळं सोपं केलं. "आजी, आता डोक्याला ताप नको. रात्री सादझा खाल्ला की एकच गोळी. झालं."

आणि खरंच गुण आला. शुवाई उठली, केस विंचरू लागली. एकदा तर म्हणाली, "आई, भाजीतलं मीठ कुठे पळालं गं?" सेकेसाई चुलीपाशी तोंड लपवून रडली.

मग पावसाने दगा दिला. मक्याचं पीठ संपलं, सादझा कशाचा शिजवणार? रात्री उकडलेला भोपळा तेवढा उरला. आता भोपळ्याला जेवण कोण म्हणतं? पोटात पिठाचा तो घट्ट गोळा पडला नाही तर आमच्याकडे माणूस उपाशीच. उपाशीपोटी औषध दिलं आणि पोरीची आतडी जळली तर? सेकेसाईने पोरीच्या जिवाच्या भीतीने गोळी डबीतच ठेवली.

"आई, गोळी?" शुवाईने सुरुवातीला विचारलं.

"आज नको, पोरी."

काही दिवसांनी तिने विचारणंच सोडलं. मग अंथरूण सोडणंही सोडलं.

सिस्टर घरी आली तेव्हा नव्याने आणलेली डबी जवळजवळ भरलेली होती. "अहो आजी, दिल्या का नाहीत?"

"सादझाच नव्हता, सिस्टर."

सिस्टरने डबी हातात घेतली. "मी आपलं बोलण्यात म्हटलं हो. काहीही खाल्लं तरी चाललं असतं." गोळ्या मोजून म्हणाली, "आजपासून द्या. पण पुन्हा पहिल्यापासून. गुण यायला बरेच आठवडे लागतील."

त्या संध्याकाळी सेकेसाई पाणी घेऊन लेकीजवळ बसली, गोळी तिच्या हातावर ठेवली.

"राहू दे आई," शुवाई म्हणाली. "तू माझं करून कंटाळलीस, ते कळलं होतं मला. राग नाही माझा."

सेकेसाई तिच्या पायाशी सरकली. तिने पीठ, भोपळा, आतडी, सिस्टरचं बोलणं, सगळं सगळं सांगितलं, पोरीचे पाय धरून सांगितलं. शुवाईने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, तू म्हणतेस तर," म्हणाली, गोळी आईच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली, आणि कूस बदलली.