काळ्या काचेसमोरची कुस्ती

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सांगलीच्या भाऊसोंना त्यांच्या कॉम्प्युटर क्लाससाठी मास्तरीण हवी होती आणि म्हसवडच्या दीक्षाला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की एस.टी.त शेजारी बसलेल्या वडलांशी, केरूआप्पांशी, ती चार शब्दही धड बोलली नाही.

दीक्षा जन्मापासून आंधळी. पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याच्यावर ती पुण्यात कॉम्प्युटर शिकली. तिचं कौतुक करायला सगळे पुढे. कामावर ठेवायची वेळ आली की सगळ्यांना दुसरी कामं आठवायची. नुसतं कौतुक करून घेत म्हसवडला बसायची तिची तयारी नव्हती.

भाऊसोंनी अट सरळ घातली. "समोर धा जण बसवतो. एक पत्र लिहून, साठवून, परत उघडून दाखवा. त्यांच्या ध्यानात आलं तर नोकरी तुमची. न्हाईतर चहा घ्या आन् म्हसवडची गाडी धरा."

एवढंच ना! दीक्षानं आपल्या फ्लॉप्या चढवल्या, आवाजाचा डबा जोडला आणि बोटं मोकळी सोडली. कढईत फुटाणे उडावेत तसा डबा इंग्रजीतून तडतडायला लागला. तिला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. पत्र लिहून झालं, साठवून झालं, उघडूनही झालं. मधूनमधून ती "कळलं ना?" असं विचारी आणि वर्ग एकमुखानं "व्हय मॅडम" म्हणे. काय गुणी माणसं आहेत, असं तिला वाटलं.

माणसं गुणी होतीच. घोळ एवढाच, की मॉनिटर बंद होता. पुण्याच्या खोलीत तो कधी लागलाच नव्हता. त्याच्यावर ती रुमाल वाळत घालायची. सवयीनं इथंही बटण दाबायचं राहून गेलं. दहाच्या दहा जण काळ्या काचेकडे टक लावून बसले होते. पण आंधळ्या बाईला "आमाला दिसत न्हाई" असं सांगायचं कुणी? जो तो शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता. खुद्द भाऊसो पंख्याकडे बघत बसले.

शेवटी जयराज उठला. गुडघ्यानं दगा दिला म्हणून कुस्ती सोडून कॉम्प्युटरकडे वळलेला गडी. "मॅडम, राग मानू नका. आमास्नी कायबी दिसंना."

"मग मला तरी कुठं दिसतंय?" दीक्षा बोलून गेली आणि लगेच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती चाचपत बटण शोधू लागली. वर्ग खो खो हसला, तीही हसली. पण त्या हसण्यात भाऊसोंचा आवाज नव्हता.

मॉनिटर उजळला. दीक्षानं तेच सगळं पुन्हा भराभर करून दाखवलं. "आता?"

"दिसतंय, पर लय पळतंय. ह्ये बघावं तवर दुसरंच येतंय. तुमी काय केलं त्ये कळंना."

मागच्या बाकावर केरूआप्पा खाकरले आणि दीक्षाला म्हसवडच्या जत्रेतलं मैदान आठवलं. लहानपणी आप्पा तिला मांडीवर घेऊन कुस्त्यांना बसायचे. कुणी कुणाचा पट काढला, कोण खाली गेला, हे निवेदक कर्ण्यावरून सांगायचा आणि तिला कुस्ती लख्ख दिसायची. तो पाणी प्यायला थांबला की सगळा अंधार. मग ती बाही ओढायची, "आप्पा, काय झालं? सांगा की!" आप्पा एरवी फौजेतला शिस्तीचा माणूस, पण कुस्ती रंगात आली की म्हणायचे, "थांब गं, बघू दे जरा." त्या वाक्याची तिला भयंकर चीड होती. आणि आज या दहा जणांशी ती तरी वेगळं काय वागत होती?

तिनं डब्याचा वेग उतरवला. मग मांडीवर थाप मारून चक्क शड्डू ठोकला.

"ऐका मंडळी! एका हातानं ऑल्टची कळ धरली, दुसऱ्यानं एफ दाबलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात बघा, यादी उघडली! आता बाणाच्या कळीनं खाली उतरतोय. न्यू सोडलं, ओपन सोडलं, सेव्हवर थांबलो. पकड पक्की! एंटर मारला की पत्र चितपट!"

"आयला, समजलं की!" जयराज ओरडला. "आता मला करू द्या." तो कळा दाबू लागला आणि डब्याला कान देऊन दीक्षा त्याची कुस्ती सांगू लागली. तो भलत्या यादीत घुसला की ती म्हणे, "पैलवान मैदानाबाहेर!" बाकीचे बाकं सोडून भोवती गोळा झाले. कुणी बोट दाखवत होतं, कुणी डाव सुचवत होतं.

"चहा ऱ्हाऊ द्या," भाऊसो म्हणाले, "जेवूनच जावा. आन् सोमवारपास्नं सकाळची बॅच तुमची."

दीक्षाला आभार मानायला सवड नव्हती. जयराजनं एंटर मारला होता. फ्लॉपी आत कुरकुरत होती, डबा गप्प होता, आणि पत्र साठवलं जातंय की बुडतंय हे ओळखायला दीक्षा कान लावून वाकली होती. वर्गात कुणी हलेना.

मागच्या बाकावर केरूआप्पांना राहवेना. पुढच्या पाठींमुळे त्यांना पडद्याचा कोपरासुद्धा दिसत नव्हता.

"दीक्षा, अगं काय झालं? सांग की!"

"थांबा आप्पा," दीक्षा म्हणाली, "बघू द्या जरा."