मनगटावरची उशी

देण्यात आनंद असतो असं जे म्हणतात, त्यांच्यातल्या एकालाही धड काज करता येत नसणार, हे मी पैज लावून सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीला येत नाही. तिला सगळे बारकी म्हणतात. अंगाने आता माझ्या दुप्पट आहे, तरी बारकीच. दर थंडीत सुट्टी काढून चार दिवस येते. आली की खुर्ची ओढते, पाय वर घेते आणि फोनवर नवऱ्याला, मैत्रिणींना, जो भेटेल त्याला सांगत बसते, "आमच्या लहानपणीच्या थंडीच्या सुट्ट्या म्हणजे काय होत्या सांगू. काही नव्हतं गं आमच्याकडे, पण देण्यात जी मजा होती ना."

मी तेव्हा कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत असते. दुकान मी चालवते. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. आई गेली, पण बाबा अजून रोज खाली येऊन बसतात, नजर अधू झाली तरी हाताने कापड ओळखतात. बारकीचं बोलणं ऐकलं की माझ्या दातांत दोरा असला तरी मी तो जोरात तोडते.

कारण त्या सुट्ट्यांमध्ये मीही होते. हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्याकडे असं होतं. थंडी आली की दुकानात कोटांची रास लागायची. बाबा मशीनवर, आई काजं आणि बटणं करायला, मधे कोळशाची इस्त्री. तिच्याजवळ कुणी बसायचं यावरून आमची रोज मारामारी, आणि रोज बारकी बसायची, कारण तिला सर्दी व्हायची. मला सर्दी व्हायची नाही, हा माझा गुन्हा. शाळेला सुट्टी लागली की पहिल्या दिवशी बाबा कातरणाचं पोतं जमिनीवर पालथं करायचे. वर्षभराचे तुकडे. लोकरीचे, अस्तराचे, एखादा मखमलीचा. "घ्या काय हवं ते," म्हणायचे. त्यातून आम्ही प्रत्येकीने घरातल्या कुणासाठी तरी काहीतरी शिवायचं आणि सुट्टीच्या शेवटच्या दिवशी द्यायचं. एकमेकींची मदत घ्यायची नाही. विकत काही आणायचं नाही.

आम्ही दोघी बाबांसाठीच शिवायचो. आईला वाईट वाटत असेल का, याचा विचार दोघींपैकी एकीनेही केला नाही.

मी एका सुट्टीत त्यांना बिनबाह्यांचं जाकीट शिवलं. करड्या लोकरीचे तुकडे असे जोडले होते की जोड शोधून दाखवा. आत अस्तर, अस्तराच्या आत कापूस, समोर पाच काजं. आईने चष्मा लावून काजं पाहिली आणि काही बोलली नाही. आई काजांच्या बाबतीत काही बोलली नाही, म्हणजे त्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बारकीने त्याच सुट्टीत सुयांची उशी केली. शिंपी मनगटावर बांधतात ना, टाचण्या खोचायला, ती. लाल मखमलीचा तुकडा, आत लोकरीचा चुरा, खाली पट्टी. वाकडी, एका बाजूने फुगलेली, बटाट्यासारखी. आणि शहाणी तिच्यात पुठ्ठा घालायलाच विसरली. उशीच्या तळाला पुठ्ठा लागतो. नाहीतर टाचणी खोचली की ती आरपार जाऊन मनगटाला टोचते. शिंप्याच्या घरात जन्मून हे विसरणारी पोर एकच असेल.

बाबांनी माझं जाकीट हातात घेतलं. उलटं केलं, आतून पाहिलं, अंगठा शिवणीवरून फिरवला. "छान झालंय," म्हणाले. "फारच छान. ठेवून देतो." आणि ट्रंकेत ठेवून दिलं, डांबराच्या गोळ्या घालून.

बारकीची उशी त्यांनी मनगटावर बांधली. पहिली टाचणी खोचली तेव्हा त्यांची भुवई हलली. मी पाहिलं. नंतर दुसरी खोचली.

ती उशी आजही त्यांच्या मनगटावर आहे. संध्याकाळी काढतात तेव्हा खाली लाल ठिपके असतात.

पुढच्या सुट्टीत मी कानटोपी केली. "छान झालीय. ठेवून देतो." त्याच्या पुढच्या सुट्टीत हातमोजे, बोट न् बोट मापाचं. ठेवून देतो. गळपट्टा. ठेवून देतो. बारकीने त्यांना खडू ठेवायची पिशवी केली, जिच्यातून खडू गळायचा, आणि ते पँटला पांढरे डाग घेऊन गावभर हिंडायचे. गिऱ्हाइकांना दाखवायचे, "आमच्या बारकीने केलीय." मला आतून जे व्हायचं त्याला सभ्य शब्द नाही. इस्त्री तापवल्यावर तिच्यावर पाणी मारलं की चर्र होतं, तसं व्हायचं.

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, बाबांना वाकडंच आवडतं ना, घ्या वाकडं. एका सुट्टीत मुद्दाम वाईट शिवायला बसले. सरळ जाणाऱ्या हाताला ओढून ओढून वाकडं नेलं. टाके लहानमोठे घातले, एक कोपरा उसवलेला ठेवला. घाम फुटला, खोटं नाही सांगत, चांगलं शिवण्यापेक्षा ते जड गेलं. गुडघ्यावर घ्यायची पट्टी होती ती, मशीनखाली गार वारा लागतो म्हणून.

बाबांनी हातात घेतली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कात्री पुढे केली.

"उसव."

"का? बारकीचं चालतं की."

"हे तुझं नाही. उसव आणि नीट कर."

बारकी शेजारी बसून शेंबूड ओढत होती. मी सगळं उसवलं, नीट केलं, दिलं. छान झालंय. ठेवून देतो.

तर या सुट्ट्या. देण्याची मजा.

यंदा बारकी आली ती भलामोठा कोट घेऊन. बाबांसाठी. दुकानातून घेतलेला, चकचकीत खोक्यात. आत कसली तरी पिसं भरलेली. एका शिंप्याच्या घरात तयार कोट घेऊन यायला जी छाती लागते ती हिला देवाने उदार हस्ते दिली आहे. बाबांना गेले काही दिवस खोकला होता. तिने त्यांना उभं केलं, कोट चढवला, चेन वर ओढली.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"उबदार आहे गं. खांदे जरा पडतायत."

"ताई करून देईल की नीट."

ताई करून देईल. मी कात्री खाली ठेवली.

"खांदे पडायचेच," मी म्हटलं. "माप न घेता घेतलेल्या कोटाचे खांदे पडणार नाहीत तर काय होईल. थांबा बाबा, माझं जाकीट काढते. खोकल्याला छाती झाकली म्हणजे झालं."

"राहू दे," बाबा घाईने म्हणाले. "हाच बरा आहे."

त्या घाईने माझं डोकं फिरलं. ट्रंकेची किल्ली त्यांच्याकडे असायची. इतक्या वर्षांत मी ती कधी मागितली नव्हती. न वापरलेलं जाकीट घडी घालून पडलेलं बघायची मला हौस नव्हती. पण आता मी त्यांच्या खिशातून किल्ली काढली, जिना चढले, स्टुलावर उभी राहिले आणि कपाटावरची ट्रंक उघडली.

आत वर्तमानपत्र होतं आणि डांबराच्या गोळ्या. बाकी काही नाही.

खाली आले तेव्हा बाबांनी कोट काढून ठेवला होता. त्यांना माहीत होतं मी काय विचारणार.

"जाकीट कुठाय?"

"दिलं."

"कुणाला?"

"तुझ्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा तो गाडीवाला आला होता ना. जिन्यावरून स्ट्रेचर वळेना. त्याने तिला दोन्ही हातांवर उचलून खाली आणलं. त्याच्या अंगात नुसता शर्ट होता. त्याला काय द्यायचं मग?"

"आणि टोपी?"

"समोरच्या घड्याळवाल्याला. भाऊ गेला म्हणून पहाटे निघाला होता. धुकं होतं."

"हातमोजे, गळपट्टा, पट्टी?"

बाबा एकेक सांगत गेले. कुणाला काय, का. सगळं त्यांच्या ध्यानात होतं. मी ऐकत होते आणि पेटत होते.

"म्हणजे मी शिवायचं आणि तुम्ही दानशूर व्हायचं. चांगलं आहे. माझ्या शिवणीवर तुमचं नाव मोठं. आणि मला इतकी वर्षं वाटत राहिलं की तुम्हाला ते अंगाला लावावंसं वाटत नाही."

"द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय, थोरले?" बाबा म्हणाले. "माझ्या हातचं सगळं गिऱ्हाइकाचं. घरातलं, कुणाला द्यायला लाज वाटणार नाही असं, तुझंच होतं. ट्रंकेत होतं म्हणून मी वेळेला कुणाकडे रिकाम्या हाताने गेलो नाही."

"मग माझं का नाही दिलंत कधी?" हे बारकी.

बाबा हसले. "तुझं कोण घेईल गं बाई? ते मलाच वापरावं लागलं."

ते गमतीने म्हणाले. पण बारकी हसली नाही. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला तो ओळखीचा वाटला. नाकपुड्या किंचित फुगलेल्या, नजर माझ्या हातांवर. मी आयुष्यभर आतून जो चेहरा वागवला तो आज समोरून बघत होते. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार म्हणजे फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी कातरणाच्या पोत्यात हात घालून बसली होती.

"ताई, मला उशी शिकव. नीट. जुनी किती टोचते त्यांना. आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"एकमेकींची मदत घ्यायची नाही, असं होतं."

"आता काय त्याचं. शिकव ना. तुझ्यासारखी."

मी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिला असं शिकवलं की माझ्या हाताखालच्या कुणालाही मी तसं शिकवलं नसेल. मखमलीची लव एका दिशेला धरायला लावली. चुरा विंचरून भरायला लावला. पुठ्ठा दुहेरी, कडेने घासून. टाका चुकला की म्हटलं, "उसव." तिने उसवलं. पुन्हा चुकला, पुन्हा उसवलं. दुपारपर्यंत तिची बोटं लाल झाली, आणि उशी अशी झाली की आईने चष्मा लावून पाहिली असती आणि काही बोलली नसती.

बारकीने ती दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली.

बाबांनी उलटी करून पाहिली. तळावर अंगठा दाबला. शिवणीवरून फिरवला.

"छान झालीय," म्हणाले. "फारच छान. ठेवून देतो."

आणि गल्ल्याखालचा खण उघडून आत ठेवली.

बारकी तशीच उभी. मी खाली वाकून पडलेली टाचणी शोधायला लागले, जी पडलेलीच नव्हती. देण्यातला आनंद म्हणतात तो हाच असेल तर, बाई, मला त्या दुपारी तो पोटभर मिळाला.

बारकी तोंड फुगवून वर चहा ठेवायला गेली. जिन्याची एकेक पायरी तिने वाजवली.

बाबांनी मनगट माझ्याकडे केलं. "जुनीची पट्टी सुटत आलीय. एक टाका घाल."

"पुठ्ठा घालू आत? आत्ता उघडली तर होईल."

"नको. आत हात लावू नको. वरून घाल."

मी सुई ओवली. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर घेतला. मखमलीचा रंग आता विटलेल्या विटेसारखा झाला होता, आणि पट्टीच्या कडेने कातडीवर ते ठिपके, जुने, नवे. मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. टाका घातला आणि पाहिलं तर तो तिरका गेला होता. मुद्दाम नाही.

"तिरका गेला," मी म्हटलं. "थांबा, उसवते."

बाबांनी दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्यावरून फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"राहू दे," म्हणाले, आणि टाचणी खोचली.