पातं रडतंय

सुताराची बायको आयुष्यात कधी करवतीला शिवली नाही. तरी मशीनवर बोथट पातं चढलं, की स्वयंपाकघरातून, भांडी घासता घासता तिची हाक यायचीच, "अहो, पातं रडतंय!"

"तुला काय कळतं सुतारकामातलं?" हा खेकसायचा आणि मुकाट्यानं पातं बदलायचा. बाहेर मात्र मिशीला पीळ देऊन सांगायचा, की पात्याची धार मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. लोकांना ते खरं वाटायचं. पुढेपुढे त्यालाही वाटायला लागलं.

ती वारली आणि त्यानं मशीनवर कापड टाकलं. मग एक दिवस गल्लीतल्या शिक्षिकाबाई प्लायवुडची फळी कापून घ्यायला आल्या. वर लाकडाचा पातळ पापुद्रा, त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला जुळणारा.

"काका, असा रंग आता दुकानात मिळत नाही. ही एकच उरलीय. सांभाळून हं."

"निर्धास्त जा," सुतार म्हणाला आणि त्यानं मशीनवरचं कापड काढलं.

प्लायला बारीक दातांचं पातं लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच्याकडे तशी दोन होती, एक धारदार आणि एक बोथट, आणि कोणतं कुठलं ते देव जाणे. डोळे दगा देत होते, बोटांना घट्टे पडले होते. साध्या तुकड्यावर दोन्ही काप सारखेच दिसले. बोथट पातं लागलं तर पापुद्र्याच्या ढलप्या उडणार आणि फळी वाया जाणार. नवं पातं आणता आलं असतं. पण मग तिच्याशिवाय आपल्याला जमत नाही, हे कबूल करणं आलं. आणि काम सुटलं तर एवढ्या मोठ्या दिवसाचं करायचं काय?

कान लावून पाहिलं, तर जवळून नुसता मोटरचा गोंगाट. मग त्याच्या डोक्यात आलं, ती कुठे उभी राहून ऐकायची? त्यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तो स्वयंपाकघरात सिंकशेजारी ठेवला आणि एकेका पात्यानं एकेक तुकडा कापला.

मग सिंकपाशी उभं राहून त्यानं ऐकलं. भिंतीपलीकडून पहिलं पातं खरोखरच रडत होतं. इतकं सोपं होतं तर! त्याला हसू आलं. रेकॉर्डिंगमधलं मशीन थांबलं, जरा शांतता झाली, आणि त्याचाच आवाज आला, चांगला खणखणीत, "हो गं बाई, बदलतोय! ओरडू नकोस."

आपण असं बोललो हे त्याला आठवतही नव्हतं. सिंकच्या कडेला धरून तो घळाघळा रडला.

दुसऱ्या पात्यानं फळी लोण्यासारखी कापली गेली. शिक्षिकाबाई कडेवरून बोट फिरवत खूश होऊन गेल्या.

बोथट पातं धार लावायला द्यायला हवं होतं. त्यानं ते वेगळ्या खिळ्याला टांगून ठेवलं. पुढचं काम आलं तेव्हा त्यानं आधी तेच चढवलं, एक टाकाऊ तुकडा कापला, मशीन बंद केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून जरा वेळ थांबला.